दोन नावांचा चेक

आमच्या गावात पैशाबद्दल कुणी बोलत नाही. हवामानाबद्दल बोलतात, गाईंच्या कासेबद्दल बोलतात, शेजारणीच्या पोटाच्या ऑपरेशनबद्दल तर जेवताना बोलतात. पण कुणाच्या खिशात किती, हा विषय निघाला की सगळे कॉफीच्या कपात बघायला लागतात. ताटातला शेवटचा तुकडासुद्धा विस्कॉन्सिनच्या या कोपऱ्यात कुणी उचलत नाही. एकजण अर्धा कापतो, दुसरा त्या अर्ध्याचा अर्धा, आणि उरलेला कण संध्याकाळी कुत्र्याला जातो. अशा गावात माझ्या भावाचा फोटो पेट्रोलपंपाच्या काउंटरवर, कॉफीच्या रिकाम्या डब्याला चिकटवलेला होता. झाकणाला भोक पाडलेलं, आणि खाली लिहिलेलं, 'अर्विडसाठी'.

फोटोत तो दुधाच्या टँकरला टेकून उभा आहे. आता तो उभा राहत नाही. फ्लूची लस घेतली, आणि महिना व्हायच्या आत त्याचं शरीर स्वतःच्याच नसांवर उलटलं. लाखात एखाद्याला होतं म्हणे. लस मीही त्याच दिवशी, त्याच खुर्चीत घेतली होती. माझा फक्त दंड दुखला. मी अजूनही दरवर्षी घेते. अर्विडच फोन करून आठवण करून देतो आणि वर म्हणतो, "लव्हॉन, घरात एक पांगळा पुरे."

अशा लोकांसाठी सरकारचा एक निधी आहे, आणि दावा चालतो थेट वॉशिंग्टनच्या कोर्टात. त्यासाठी आम्हाला मिलवॉकीची रोझॅन वोइचिक नावाची वकीलबाई मिळाली. पहिल्याच दिवशी अर्विडनं तिला विचारलं, "तुमचं किती होईल?" ती म्हणाली, "तुमच्याकडून एक डॉलरही नाही. घेतला तर माझी सनद जाईल. जिंकलो काय, हरलो काय, माझी फी कोर्ट ठरवणार आणि निधीतून देणार." अर्विडला हे काही रुचलं नाही. फुकट काम करून घ्यायची त्याला सवय नव्हती. त्यानं तिला अंड्यांचा ट्रे दिला आणि तिनं तो मुकाट्यानं घेतला. ती शहाणी बाई होती.

खटला मात्र संपेना. सरकारी पक्षाचा डॉक्टर म्हणे लसीमुळे नाही, आमचा डॉक्टर म्हणे लसीमुळेच, आणि दोघांचे कागद वर्ष वर्ष इकडून तिकडे. आमच्या डॉक्टरची फी वोइचिकबाई पदरची भरत होत्या. शेवटी त्यांनी कोर्टाला सांगितलं की निकाल लागायचा तेव्हा लागो, निदान आतापर्यंतची फी आणि खर्च तरी द्या, नाहीतर डॉक्टर सोडून जाईल. कोर्टानं ते मान्य केलं. नोव्हेंबरात चेक आला. चौऱ्याऐंशी हजार डॉलर.

आणि चेकवर नावं दोन. कायद्याच्या लेखी वकील ठेवला अर्विडनं, म्हणून फी मिळते अर्विडला, आणि ती तो वकिलाला देतो. म्हणून चेक दोघांच्या नावे निघतो, आणि अर्विडनं मागे सही केल्याशिवाय वटत नाही. त्यात वोइचिकबाईंच्या बँकेनं अट घातली की ही सही एखाद्या बँकेतच, साहेबासमोर व्हायला हवी. म्हणून एका गुरुवारी त्या गाडी हाकत आमच्या गावी आल्या, आणि आम्ही चौघं बँकेत गेलो. अर्विड चाकाच्या खुर्चीत, त्याची बायको मार्लिस खुर्ची ढकलत, मी आणि वकीलबाई.

काउंटरवरच्या ट्रिनानं चेक हातात घेतला, आकडा बघितला आणि साहेबाला बोलवायला धावली. मार्लिस त्या कागदाकडे बघत होती. तिच्या नवऱ्याचं नाव, आणि शेजारी तो आकडा. ती शाळेच्या स्वयंपाकघरात ताटं धुते. चेक तिनं टोकाला धरून थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मग अर्विडपुढे सरकवला.

अर्विडचं पेन हलत होतं. सही झाल्यावर तो म्हणाला, "एवढे पैसे हातातून गेले. निदान बोटांना काही चिकटलं का बघा."

वोइचिकबाई हसल्या नाहीत. बाहेर आल्यावर हळूच म्हणाल्या, "मिस्टर टॉलेफसन, तुमच्या व्हॅनचं मी ऐकलंय. यातले थोडे मला देता आले असते तर... पण खटला चालू असताना अशिलाला मदत करायची आम्हाला बंदी आहे. मला फार ओशाळं वाटतं."

"अहो, तुमची मजुरी आहे ती," अर्विड म्हणाला. "घ्या आणि त्या डॉक्टरच्या तोंडावर मारा."

व्हॅनची गोष्ट अशी. हातानं ब्रेक मारता येईल, हातानंच वेग देता येईल अशी एक जुनी व्हॅन शेजारच्या गावात विकायला होती. ती मिळाली असती तर अर्विड स्वतः गाडी चालवणार होता. दूध संकलनाच्या ऑफिसात फोनवर बसायचं काम त्याच्यासाठी ठेवलेलं होतं, फक्त तिथवर रोज पोचायला हवं होतं. त्यासाठीच ते डबे. त्यासाठीच चर्चच्या तळघरात पुढच्या शनिवारचं जेवण ठरलं होतं. बर्निस हॉगन आणि तिच्या बायका भाजलेलं हॅम आणि बटाटे करणार, गाव येऊन जेवणार, दारातल्या टोपलीत ज्याला जे वाटेल ते टाकणार. आमच्याकडे हे असंच चालतं. देणाऱ्यानं आकडा दाखवायचा नाही, घेणाऱ्यानं बघायचा नाही.

शुक्रवारी सकाळी मार्लिस कॅफेत गेली. ट्रिनानं बँकेतलं बाहेर बोलायला नको होतं. पण ट्रिनाला आई आहे, आईला बहीण आहे, आणि बहीण म्हणजे बर्निस. मार्लिस आत शिरली तशी बर्निस उठली, तिला मिठी मारली आणि म्हणाली, "ऐकलं गं! आला म्हणे शेवटी सरकारचा चेक! चौऱ्याऐंशी हजार!"

आता इथं मार्लिसनं एवढंच म्हणायचं होतं, 'अगं, तो वकिलाचा.' तीन शब्द. पण टेबलावरच्या सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या, आणि ते नेहमीचं बघणं नव्हतं. मान कलती करून, आवाज मऊ करून विचारायचं, 'कशी आहेस गं?', तसलं नव्हतं. तिला काहीतरी मिळालंय म्हणून बघत होत्या. मार्लिस म्हणाली, "हो, आला."

तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण हिनं पर्स काढली. "आज माझ्याकडून," म्हणाली, आणि सहा बायकांच्या कॉफीचे आणि दालचिनीच्या रोलचे पैसे दिले. वर कॉफी वाढणाऱ्या पोरीला पाच डॉलर बक्षीस. ते मार्लिसचे आठवड्याचे पेट्रोलचे पैसे होते.

हे मला संध्याकाळी पोस्टात कळलं. मी तडक त्यांच्या घरी गेले. अर्विड आत झोपला होता. मार्लिस बटाटे सोलत होती.

"तू कॅफेत काय सांगून आलीस?"

तिनं सोलणं थांबवलं नाही. "मी काही सांगितलं नाही. तीच म्हणाली."

"आणि तू रोल वाटलेस."

"लव्हॉन, चार वर्षं मी त्या पंपावर पेट्रोल भरते आणि माझ्या नवऱ्याच्या डब्यात लोक चिल्लर टाकताना बघते." तिचे कान लाल झाले होते. "मला एकदा कुणालातरी काहीतरी द्यायचं होतं. म्हणजे... बरं वाटलं. झालं?"

"मी आत्ता बर्निसला फोन करते."

"नको! मी सांगते. मी केलंय, मी निस्तरते. रविवारी चर्चमध्ये सांगते. अर्विडला मात्र यातलं काही बोलू नकोस."

मी मानलं. रविवारी ती चर्चमधून लवकर निघाली. सोमवारी म्हणाली, बर्निस भेटली नाही. या गावात बर्निस भेटली नाही, म्हणजे सूर्य उगवला नाही म्हणण्यासारखं आहे. तिची जीभच उचलेना, आणि तिला लाज किती वाटत असेल ते मला दिसत होतं, म्हणून मीही मूग गिळून बसले. दरम्यान पंपावरचा डबा नाहीसा झाला. मग किराणा दुकानातला. कुणी काही म्हटलं नाही. नुसते उचलले गेले.

मंगळवारी पास्टर आणि बर्निस अर्विडकडे आले. मी तिथेच होते. चांगला अर्धा तास थंडीबद्दल बोलणं झालं. मग पास्टर घसा खाकरून म्हणाले, "अर्विड, व्हँडरहाय पोराचा गोठा जळला, तुला माहीतच आहे. कोडीला अजून तिशीही नाही. निम्म्या गाई गेल्या. आता देवाच्या कृपेनं तुझं जरा... मार्गी लागलंय. तर आम्ही म्हणत होतो, शनिवारचं जेवण त्यांच्यासाठी केलं तर? तुझी हरकत नसेल तरच. डब्यांमध्ये जमलंय तेही."

स्वयंपाकघरात नळ चालू होता. तो बंद झाला.

अर्विडनं पास्टरकडे बघितलं, बर्निसकडे बघितलं. त्यांना काय वाटतंय हे त्याला तिथल्या तिथे समजलं असणार. माझा भाऊ पायानं अधू आहे, डोक्यानं नाही. तोंड उघडून त्यानं एवढंच सांगायचं होतं की मला काही मिळालेलं नाही. पण ते सांगायचं म्हणजे 'मला अजून तुमची गरज आहे' असं म्हणायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी त्याची मूठ लोकांनीच झाकून दिली होती.

"हरकत कसली?" तो म्हणाला. "तरुण पोरं आहेत. द्या त्यांना."

बर्निसनं त्याचा हात दाबला. दोघं गेल्यावर मार्लिस बाहेर आली नाही. अर्विड खिडकीतून बघत म्हणाला, "त्या व्हॅनचे टायर तसेही गेलेलेच होते."

शनिवारी जायचं नाही म्हणून मार्लिस हटून बसली. अर्विड म्हणाला, "न जाऊन कसं चालेल? लोक म्हणतील, पैसा आला आणि शेफारले." तेव्हा आम्ही गेलो. माझ्या गाडीतून, खुर्ची मागे टाकून.

तळघर गच्च भरलं होतं. हॅम, बटाटे, कोबीची कोशिंबीर, पाव. कोडी व्हँडरहाय आणि त्याची बायको कोपऱ्यात, आपण काहीतरी चोरलंय असा चेहरा करून बसले होते. तो चेहरा मला चांगला ओळखीचा होता. लोक येऊन अर्विडच्या पाठीवर थाप मारत होते. "दिलदार आहेस रे बाबा." "तुला शोभलं." प्रत्येक थापेला मार्लिसची मान थोडी थोडी खाली जात होती. तिच्या ताटातलं हॅम तसंच होतं.

मग पास्टर उभे राहिले. म्हणाले, आजचं जेवण मुळात कुणासाठी होतं आणि त्यानं ते कसं हसतमुखानं दुसऱ्याला दिलं, हे सगळ्यांना कळायला हवं. आणि टाळ्या सुरू झाल्या. आमच्या चर्चमध्ये लग्नातही कुणी टाळ्या वाजवत नाही. दोनशे माणसं माझ्या भावासाठी टाळ्या वाजवत होती, आणि मला टेबलाखाली जावंसं वाटत होतं.

"दोन शब्द बोल, अर्विड," पास्टर म्हणाले.

मार्लिसनं माझा हात घट्ट धरला.

अर्विड खुर्चीतूनच बोलला. "टाळ्या चुकीच्या माणसाला पडतायत. तो चेक माझ्या वकीलबाईंचा होता. त्यांची फी. माझं नाव वर असतं, सही करावी लागते, एवढंच. माझा निकाल अजून लागलेला नाही. कधी लागेल, वोइचिकबाईंनाही माहीत नाही. मला एक डॉलर मिळालेला नाही. मार्लिसला मीच बजावलं होतं, कुणी विचारलं तर हो म्हणून टाक. मला वाटलं, चार दिवस लोकांना वाटू दे. तिचा यात दोष नाही. कोडी, ते पैसे तुझेच आहेत, मी शब्द दिलाय. हॅम छान झालंय, बर्निस."

खोटं. चेकचं खरं, पण मार्लिसबद्दलचं सगळं खोटं. त्यानं तिला कधीच काही बजावलं नव्हतं. म्हणजे कॅफेतलं त्याला ठाऊक होतं; किती दिवसांपासून, देव जाणे. मी मार्लिसकडे बघितलं. ती आता उठेल, निदान 'नाही' एवढं तरी म्हणेल, असं मला वाटलं. तिचे ओठ हलले. पण ती उठली नाही.

टाळ्या वाजवणाऱ्यांनी हात टेबलाखाली नेले. कुणी रागावलं नाही, कुणी काही विचारलं नाही. एकानं कॉफी ओतली. दुसरा बर्फाबद्दल बोलायला लागला. अर्विडकडे मात्र नंतर कुणी आलं नाही. आम्ही निघालो तेव्हा लोक वाटेतून बाजूला झाले, एवढंच.

गाडी पार्किंगमधून बाहेर पडली तेव्हा मागच्या सीटवरून मार्लिस म्हणाली, "तू असं का केलंस?"

"काय केलं?"

"माझं तुझ्या अंगावर घेतलंस. सगळ्या गावासमोर."

अर्विड समोर बघत होता. "मार्लिस, चार वर्षं परकी माणसं मला आंघोळ घालतात. ढुंगण पुसतात. त्या बर्निसनंसुद्धा एकदा पुसलंय. लाज म्हणून माझ्याजवळ आता फारशी उरलेली नाही. तुझ्याजवळ थोडी आहे. ती राहू दे की."

तिला रडू फुटलं. साधं नाही, लहान मुलाला फुटतं तसं. "लव्हॉन, गाडी वळव," ती म्हणाली.

"अगं, कशाला?" अर्विड म्हणाला. "झालं ते झालं."

"वळव म्हणते ना!"

मी वळवली. चर्चच्या मागच्या दाराशी लावली. मार्लिस खाली उतरली आणि मीही तिच्यामागे गेले, कारण या वेळी ती दारातून परत फिरली असती तर मी तिला आत ढकलणार होते.

तळघराच्या स्वयंपाकघरात पाच-सहा बायका भांडी धूत होत्या. आम्हाला बघून त्या थांबल्या. मार्लिस दारातच उभी राहिली. अंगात कोट, नाक लाल.

"अर्विड खोटं बोलला," ती म्हणाली. "त्यानं मला काही सांगितलं नव्हतं. मीच हो म्हटलं. तुम्ही सगळ्या माझ्याकडे तशा बघत होतात ना, मला ते आवडलं. नंतर सांगायची हिंमत झाली नाही. त्याची व्हॅन माझ्यामुळे गेली."

बर्निसचे हात कोपरापर्यंत साबणाच्या पाण्यात होते. ती खाली पाण्यातच बघत होती, आणि मला वाटलं, आता नेहमीसारखं काहीतरी गोड बोलून ही विषय झाकून टाकणार.

"मार्लिस," बर्निस म्हणाली, "त्या दिवशी मी घरी गेले आणि नवऱ्याला म्हटलं, सुटलो एकदाचे. अगदी हेच शब्द. चार वर्षं डबे फिरवतोय, सुटलो. मी तुला विचारायला हवं होतं गं, खरंच का म्हणून. चेक वकिलाचा आहे, हे ट्रिनाच्या साहेबाला माहीत होतं, एका फोनवर कळलं असतं. मी फोन केला नाही. मला ते खरंच असायला हवं होतं."

"मलाही," मार्लिस म्हणाली.

दुसऱ्या बायकांपैकी कुणी वर बघितलं नाही. एकीनं तोंडाला फडकं लावलं होतं. कुणी कुणाला मिठी मारली नाही, आणि मारली असती तर मला सहन झाली नसती. आम्ही सगळ्याजणी तशाच उभ्या होतो, ज्याच्या नावानं एवढं चाललं होतं त्याच्याबद्दल स्वतःला काय काय वाटलं त्याचा विचार करत. बराच वेळ गेला असणार. मी सवयीनं कोटाच्या खिशात हात घातला आणि तिथे गाडीची किल्ली लागली.

इंजिन बंद. हीटर बंद. बाहेर शून्याच्या खाली पारा, आणि पायानं अधू माणूस पुढच्या सीटवर पट्ट्यानं बांधलेला.

आम्ही धावलो. मी, मार्लिस, आणि आमच्यामागून बर्निस, कोटाशिवाय, हातांवर साबण तसाच. अर्विडनं दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. आतून काच त्याच्या श्वासानं पांढरी झाली होती. बर्निसनंच दार उघडलं.

"झालं का तुमचं?" त्यानं विचारलं. दात वाजत असल्यामुळे त्याला ते दोनदा म्हणावं लागलं.